मुलांच्या फ्रॅक्चरला ‘टाइप’ देताना या चुका टाळा

जानेवारीत पतंगांमुळे आणि मे महिन्यात सुट्टीमुळे नाशिकच्या हाडांच्या दवाखान्यांत पोरांची रांग लागते. येवल्याकडून गच्चीवरून पडलेले, निफाड-दिंडोरीकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून घसरलेले, शहरातले सायकल आणि स्केटिंगवाले. त्यांच्या आधी तिकडच्या डॉक्टरांकडून माझ्या मोबाईलवर फोटो येऊन थडकतो. ट्यूबलाइटसमोर धरलेली एक्स-रे फिल्म, कडेला कोणाचा तरी अंगठा आणि खाली मेसेज: ‘सर, सॉल्टर-हॅरिस कोणता?’ मुलाचं वय लिहिलेलं नसतं, दुसरा व्ह्यू नसतो, बोटं हलतात की नाही याचा पत्ता नसतो. टाइप मात्र तातडीने हवा असतो.

सॉल्टर आणि हॅरिस या टोरांटोच्या दोघांनी १९६३ साली ग्रोथ प्लेटच्या, म्हणजे हाडाच्या टोकाजवळ जिथून हाड वाढतं त्या कूर्चेच्या थराच्या, दुखापतींचे पाच प्रकार मांडले. टाइप १ मध्ये भेग नुसती ग्रोथ प्लेटमधून जाते, २ मध्ये दांड्याकडच्या हाडाचा कोपरा सोबत तुटतो, ३ मध्ये ती सांध्यात उतरते, ४ मध्ये सगळं आरपार चिरतं आणि ५ मध्ये प्लेट चेपते. एवढं पाठ झालं की काहींना वाटतं, आकडा लहान म्हणजे काळजी कमी. मनगटाचा टाइप २ बहुतेक वेळा निमूटपणे भरतो. तोच टाइप २ मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्याच्या वर झाला, तर वाढ थांबण्याचा किंवा पाय वाकडा होण्याचा धोका खूपच मोठा. ती प्लेट वर्षाला साधारण ९ मिमी उंची देते. दहा वर्षांच्या मुलाची ती बंद पडली तर काय होईल, हिशेब करा. म्हणून माझ्या केसपेपरवर आधी वय, मग हाडाचं नाव, मग टोक आणि सगळ्यात शेवटी आकडा असतो. गुडघ्याच्या अशा मुलांना प्लास्टर निघाल्यावरही दर चार-सहा महिन्यांनी बोलावतो आणि दोन्ही पाय मोजतो. पालक कंटाळतात. कंटाळू देत.

पहिल्याच दिवशी ‘टाइप ५’ लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार. चेपलेली प्लेट त्या दिवशी फिल्मवर बहुधा दिसत नाही. वाढ खुंटली की मागाहून कळतं. टाइप १ लाही फिल्म अगदी स्वच्छ असू शकते. तिथे बोटाने दाबून बघावं लागतं, नेमकं प्लेटवर दुखतं का ते.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार: अल्ना वाकलेली दिसली की ‘ग्रीनस्टिक’ (ओल्या फांदीसारखं अर्धवट मोडलेलं हाड) लिहून मोकळं होणं.

येवल्याच्या बाजूचा सात वर्षांचा मुलगा करीच्या दिवशी पतंगामागे धावताना ओट्यावरून पडला. एका दवाखान्यात फिल्म काढली. पुढच्या हाताचं करंगळीकडचं हाड, म्हणजे अल्ना, वाकलेलं. ‘ग्रीनस्टिक, अल्ना’ असं लिहून स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातला आणि महिन्याने काढला. निदानात खोट नव्हती, ते अर्धवट होतं. फेब्रुवारीच्या शेवटी आई त्याला घेऊन आली. म्हणाली, “डॉक्टर, प्लास्टर निघालं तरी घास तोंडापर्यंत जात नाही याचा. मान खाली घालून जेवतो.” आजीने मधल्या काळात तेल लावून चोळूनही पाहिलं होतं. आजींना काय बोलणार?

मी जुनी फिल्म मागितली. मनगट व्यवस्थित आलेलं, कोपर मात्र निम्मं कापलेलं. जे निम्मं दिसत होतं तेवढ्यातही रेडियसचं, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडाचं, कोपरातलं डोकं जागेवरून पुढे सरकलेलं होतं. वाकलेली अल्ना आणि निखळलेलं रेडियसचं डोकं, ही मॉन्टेजिया. मिलानच्या मॉन्टेजियाने ही दुखापत १८१४ साली लिहून ठेवली, एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी. आपल्या हातात फिल्म असते आणि आपण चुकतो. बाडोने १९६७ मध्ये तिचे चार प्रकार केले. मुलांमध्ये डोकं पुढे जाणारा पहिलाच बहुतेकदा दिसतो. पण बाडोचा आकडा घालायला आधी कोपर फिल्मवर यायला हवं ना!

ताज्या दुखापतीत भूल देऊन अल्ना सरळ केली की डोकं बहुधा आपोआप जागेवर बसतं आणि प्लास्टरवर काम भागतं. या पोराची अल्ना पुन्हा कापून सरळ करावी लागली, धातूची पट्टी घालावी लागली आणि कोपर उघडून रेडियसचं डोकं बसवावं लागलं. एका नीट काढलेल्या फिल्मने हे सगळं वाचलं असतं.

तेव्हापासून कोणत्याही वाकड्या पुढच्या हाताला वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे दिसल्याशिवाय मी प्रकारच ठरवत नाही. पेन्सिल आणि पट्टी घेऊन रेडियसच्या मानेतून रेघ ओढतो. ती प्रत्येक व्ह्यूमध्ये कॅपिटेलममधून, म्हणजे दंडाच्या हाडाच्या कोपरातल्या बाहेरच्या गोल भागातून, गेली पाहिजे. एकाही फिल्मवर चुकली तर डोकं बाहेर आहे असं धरून चालतो. स्क्रीनवर नजरेने अंदाज घेणाऱ्यांनी एकदा पट्टी लावून बघावी.

कोपराबद्दल आणखी एक. बाहेरच्या बाजूला पातळशी कपची दिसली की ‘चिप फ्रॅक्चर’ लिहितात आणि आठ दिवसांनी क्रेप बँडेज. अहो, कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही. फिल्मवर नखाएवढा वाटणारा तुकडा प्रत्यक्षात सांध्याचा मोठा भाग घेऊन तुटलेला असतो. हा लॅटरल काँडाइल, म्हणजे दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा भाग. तो जुळला नाही तर कोपर हळूहळू बाहेर झुकतं आणि काही वर्षांनी करंगळी बधिर व्हायला लागते. इथे मिल्चच्या वर्गीकरणातला पहिला की दुसरा यावर चर्चा करत बसण्यापेक्षा हात आत वळवून तिरका व्ह्यू काढा आणि फट मोजा. २ मिमीपेक्षा जास्त असेल तर लगेच पुढे पाठवा. कमी असली तरी आठवड्याच्या आत पुन्हा फिल्म. प्लास्टरमध्येही हा तुकडा सरकतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. कोपरात हाडाची केंद्रं, म्हणजे कूर्चेचं हाड होऊन फिल्मवर दिसू लागणारे ठिपके, ठरावीक क्रमाने उगवतात: कॅपिटेलम, रेडियसचं डोकं, मीडियल एपिकाँडाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रॅनन, लॅटरल एपिकाँडाइल. वयं ढोबळमानाने १, ३, ५, ७, ९, ११. मुलींमध्ये थोडी आधी. ट्रॉक्लिया दिसतोय आणि मीडियल एपिकाँडाइल (कोपराच्या आतल्या बाजूचा उंचवटा) गायब आहे, तर तो ट्रॉक्लिया नव्हे. एपिकाँडाइल तुटून सांध्यात अडकलंय.

गार्टलंड टाइप ३ (कोपराच्या वर दंडाचं हाड तुटून पूर्ण सरकलेलं) लिहिलं आणि मनगटाच्या नाडीबद्दल अक्षर नाही, असा कागद मी परत पाठवतो. मनगटाच्या बकल फ्रॅक्चरला (हाड न तुटता नुसतं दबून फुगलेलं) सहा आठवड्यांचं प्लास्टर म्हणजे पोराला शिक्षा. तीन आठवडे स्प्लिंट पुरतो. नुकतं चालायला लागलेलं मूल लंगडतंय आणि फिल्म स्वच्छ, तर दहा दिवसांनी पुन्हा काढा. चालतही नसलेल्या बाळाचं मांडीचं हाड मोडलं असेल तर आकडा बाजूला ठेवा, घरात नेमकं काय घडलं ते शांतपणे विचारा आणि बालरोगतज्ज्ञांना बोलवा.

आणि फोटो पाठवायचाच असेल तर फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावा, दोन्ही व्ह्यू पाठवा, दोन्ही सांधे येऊ द्या. खाली वय, बाजू, कधी आणि कसा पडला, नाडी, बोटांची हालचाल एवढं लिहा. टाइप नाही लिहिला तरी चालेल.