आमेदला जागा घ्यायची म्हणता? आधी तिथला ऑक्टोबर आणि जानेवारी काढा

"ताई, बालीला समुद्रकाठी चार गुंठे मिळतायत, घेऊन टाकू का?" आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत हा प्रश्न मला वर्षभरात निदान दहा जणांनी विचारला असेल. आमचं तिथे, बालीच्या पूर्व टोकाच्या आमेदला, दोन खोल्यांचं घर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते कसं झालं आणि त्याआधी मी कुठे चुकले, हे एकदा नीट लिहून ठेवते. मी ठाण्यात कोर्टनाक्याजवळ एका वकिलांच्या ऑफिसात 22 वर्षं दस्त तयार करायचं काम केलं. त्यामुळे माझं बोलणं कागदाकडे जास्त झुकतं, पण या विषयात ते झुकायलाच हवं.

पहिली गोष्ट. जमीन आपल्याला "घेता" येत नाही. इंडोनेशियाच्या 1960 च्या भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे तिथला 'हाक मिलिक', फक्त त्यांच्या नागरिकांना मिळते. मग दलाल सांगतो की कागद माझ्या मेव्हण्याच्या नावावर करू, तुम्ही फक्त पैसे द्या. हे अजिबात करू नका. त्याच कायद्याचं 26 वं कलम सांगतं की असा व्यवहार रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. आपल्याकडे बेनामी व्यवहाराला जे म्हणतात तेच हे, फक्त परक्या देशात आणि परक्या भाषेत.

आपल्यासारख्यांसाठी खरा रस्ता भाडेपट्ट्याचा, बहुतेक करून 25 ते 30 वर्षांचा. सगळे पैसे सहसा एकदमच द्यावे लागतात. तिथे जमीन 'आरे'त मोजतात. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात ना, तोच हा आर, म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरचा, म्हणून "चार गुंठे" म्हणायला हरकत नाही. पण भाव ऐकताना सावध राहा. तो दर आरेचा आणि दर वर्षाचा असतो. तीन आरे 25 वर्षांसाठी हवी असेल तर सांगितलेल्या आकड्याला 75 ने गुणा, तेव्हा खरी किंमत कळते. माझ्या एका शेजाऱ्यांनी तो आकडा पूर्ण जागेचा समजून घरात पेढे वाटले होते.

आता हिशेब. टुरिस्ट म्हणून विमानतळावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा, 5 लाख रुपियाचा (रुपिया हे तिथलं चलन), आणि तो एकदाच आणखी 30 दिवस वाढतो. आम्ही वर्षातून दोनदा असे साठ साठ दिवस राहतो, म्हणजे वर्षाला चार महिने. 25 वर्षांच्या पट्ट्यात 300 महिने असले तरी माझ्या वाट्याला 100 च येतात. म्हणून पट्टा, बांधकाम, दुरुस्ती मिळून होणाऱ्या रकमेला 100 ने भागा. तेवढ्यात गावात महिन्याला चांगली खोली भाड्याने मिळत असेल, तर पट्टा करू नका. माझं हे गणित एकटीसाठी जमलं नाही. बहिणीचं कुटुंब निम्म्याने सामील झालं, ती माणसं आमच्या आलटूनपालटून राहायला लागली, तेव्हा जमलं.

ते घर भाड्याने देऊन पैसे कमवायचे असतील तर बाब वेगळी. टुरिस्ट व्हिसावर धंदा करता येत नाही, पाहुणे ठेवणंही त्यात आलं, आणि पकडलं तर देशाबाहेर काढतात. घरगुती होमस्टेचा परवाना तिथल्या नागरिकांसाठी असतो. परदेशी माणसाला 'पीटी पीएमए' नावाची कंपनी काढावी लागते आणि तिची गुंतवणूक जमीन-इमारत सोडून 10 अब्ज रुपियाच्या वर दाखवावी लागते. आपले पाच कोटी ओलांडतात. निवृत्तीच्या पैशाचं हे काम नव्हे. शिवाय कोरोनात बालीचं पर्यटन दीडदोन वर्षं बंद पडलेलं होतं. आमेदची होमस्टे ओस पडली आणि माणसं परत होड्यांकडे वळली. त्यांच्याकडे होड्या तरी होत्या.

मी गावाचं नाव लिहिलं, पण आमेद म्हणजे एक गाव नाही. बालीच्या पूर्व टोकाला, कारांगासेम जिल्ह्यात, जेमेलुक, बुनुतान, लिपाह, बान्युनिंग अशा वाड्यांची किनाऱ्याची ओळ आहे. विमानतळापासून गाडीने अडीच-तीन तास. वाळू काळी, आगुंग ज्वालामुखीची. पहाटे बाजूला दोन लाकडी हात असलेल्या 'जुकुंग' होड्या एकामागोमाग परत येतात आणि बायका टोपल्या घेऊन उभ्या असतात. मी चेंदणी कोळीवाड्याशेजारी वाढले, त्यामुळे पहिल्याच सकाळी मला परकं वाटलं नाही. मीठही तिथे निघतं, पण आपल्या भाईंदरसारखी मिठागरं नाहीत. समुद्राचं पाणी मातीवर शिंपडून सुकवतात, ती माती टोपलीवजा गाळणीतून धुतात आणि खारं पाणी नारळाच्या चिरलेल्या खोडांत उन्हाला ठेवतात. एका दुपारी मी त्या खोडात बोट बुडवलं, तर पाण्यावर नखाएवढी पांढरी साय धरली होती. आजोबांनी ती चिमटीने माझ्या तळहातावर ठेवली. त्या दिवशी मी मनाने जागा घेऊन मोकळी झाले होते, आणि तीच चूक झाली.

कारण पुढच्या आठवड्यात मी एका जागेला इसार देऊन बसले. कागद पाहिले ते नंतर. जमिनीचा मालकी दाखला वारलेल्या बापाच्या नावावर, मुलगे चार. तिघे सही करायला तयार, चौथा क्रूझ जहाजावर नोकरीला. दलाल म्हणाला, तो आला की करेल, तुम्ही बाकीची रक्कम भरा. ठाण्यात हा दस्त कोणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी पहिल्या पानालाच परत केला असता. मी थांबले, दलालाने जागा दुसऱ्याला दाखवली आणि इसार गेला. तो पैसा मला अजून सलतो. तेव्हा क्रम पक्का ठेवा. आधी दाखल्याची जमीन कार्यालयात तपासणी, मग सर्व वारसांच्या आणि मालकाच्या बायकोच्या सह्यांची खात्री, मग इसार. तपासणी करणारा नोटरी तुम्ही निवडलेला हवा, दलालाने आणलेला नको. दस्तात मुदतवाढीची पद्धत, मालक वारला किंवा जमीन विकली तरी पट्टा कायम, वहिवाटीचा रस्ता, आणि मुदत संपल्यावर घराचं काय, हे स्पष्ट लिहून घ्या. दस्त दोन भाषांत करतात. इंग्रजी प्रत वाचून समाधान मानू नका, इंडोनेशियन मजकूर वेगळ्या माणसाकडून समजून घ्या.

किनाऱ्याला लागून असलेली जागा मोहात पाडते. भरतीच्या उच्च रेषेपासून किमान 100 मीटरची किनारपट्टी तिथे संरक्षित धरतात, आपल्या सीआरझेडसारखी. जुलै 2025 मध्ये दक्षिणेच्या बिंगिन किनाऱ्यावरची चाळीसहून जास्त बांधकामं सरकारने पाडली. "शेजारच्याने बांधलंय की" हा पुरावा नव्हे. जागेचा झोन तपासा आणि बांधकाम परवानगी, तिथला 'पीबीजी', मिळाल्याशिवाय वीट रचू नका.

आता शीर्षकातले दोन महिने. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि बालीचा हा पूर्व किनारा कोरडा. ऑक्टोबरमध्ये मी भाड्याच्या खोलीत होते, तेव्हा सकाळी नऊलाच नळ आटायचा आणि टँकरची वाट बघायची. जानेवारीत उलटं. मला आवडलेल्या दुसऱ्या जागेच्या कडेने कोरडा ओढा होता, पोरं त्यात फुटबॉल खेळायची. एका रात्री पाऊस झाला आणि तो ओढा काळी वाळू, ओंडके घेऊन गुडघ्याच्या वर वाहायला लागला. कोंबड्यांचं खुराडं माझ्या डोळ्यांदेखत गेलं. ती जागा मी एप्रिलमध्ये पाहिली असती तर घेतली असती.

मालकापेक्षा 'बांजार' जास्त महत्त्वाचा, म्हणजे वाडीतल्या घरांची पंचायत. लाकडी ढोल वाजला की प्रत्येक घरातून माणूस जातो. आपण त्याचे सभासद होत नाही, पण वर्गणी वेळेवर द्यायची, मयताला आणि सोहळ्याला तांदूळ-साखर घेऊन जायचं, कमरेला कापड बांधून जायचं. दारात देवासाठी ठेवलेल्या फुलांच्या पानावर पाय देऊ नका. शेजारच्या 'म्बोक', थोरल्या बहिणीला तिथे असं म्हणतात, मला हे सगळं शिकवत आल्या. 2025 मध्ये त्यांची न्येपी, म्हणजे नव्या वर्षाचा मौनाचा दिवस, 29 मार्चला आली आणि दुसऱ्या दिवशी आपला पाडवा. त्यांचंही शके 1947, आपलंही. न्येपीला चोवीस तास दिवा नाही, बाहेर पडणं नाही, विमानतळसुद्धा बंद, तेव्हा तिकीट त्या तारखेचं काढू नका. आम्ही खिडकीला चादर लावून बसलो. रात्री इतके तारे दिसले की बहीण रडली.

पैसे पाठवण्याचं थोडक्यात. आरबीआयच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जातो आणि तो रिटर्नमध्ये वळता करून मिळतो. तिथलं बँक खातं आणि पट्ट्याचा हक्क रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवायचा का, कसा, हे सीएकडून आधीच ठरवा. रक्कम बँकेतूनच, स्वतःच्या खात्यातून पाठवा.

तब्येतीचंही बघा. जवळचं जिल्हा रुग्णालय अमलापुराला, मोठं हवं तर देनपासार. बालीत 2008 पासून रेबीज आहे आणि गावात मोकळी कुत्री भरपूर, त्यामुळे आम्ही दोघांनी जायच्या आधीच ठाण्यात लस घेतली. आगुंग 2017 मध्ये जागा झाला तेव्हा विमानतळ बंद पडला होता, म्हणून औषधं परतीच्या तारखेपेक्षा पंधरा दिवस जास्तीची नेते.

चार गुंठ्यांबद्दल विचारणाऱ्या त्या बाईंनी शेवटी इसार दिला नाही. ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे त्या आमच्याच वाडीत खोली घेऊन राहणार आहेत, आणि जानेवारीचं तिकीट तिकडून आल्यावर काढणार आहेत.