आईच्या एफडीवर टीडीएस कापलाय? परत कसा मिळवायचा आणि पुढच्या वेळी कसा थांबवायचा

आई ६७ वर्षांची, बाबा गेल्यापासून फॅमिली पेन्शन मिळते महिन्याला १८ हजार आणि बाकी एफडीचं व्याज. एवढ्यावर कसला आलाय टॅक्स, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मग एक दिवस पासबुक भरून आणलं तर व्याजातून थोडे थोडे करून वर्षभरात ७,२०० कापलेले, टीडीएस म्हणून, म्हणजे व्याज हातात द्यायच्या आधीच बँकेने कापून सरकारकडे भरलेला टॅक्स. आईचं म्हणणं, जाऊ दे, सरकारला गेले, आता मागायला गेलो तर उलट चौकशी लागेल मागे. चौकशी वगैरे काही लागत नाही हो, तिचेच पैसे आहेत ते. मी परत आणले, कसे ते सांगते.

आधी हे का होतं ते बघा. बँकेला तुमचं एकूण उत्पन्न माहीत नसतं, तिला फक्त तिच्याकडचं व्याज दिसतं, ते लिमिटच्या वर गेलं की १० टक्के कापायचे एवढंच तिचं काम (पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी लिंक नसल्यामुळे बंद पडला असेल तर थेट २०). ६० च्या पुढच्यांना हे लिमिट २०२४-२५ पर्यंत ५० हजार होतं, १ एप्रिल २०२५ पासून १ लाख झालंय. आईचं २०२४-२५ मध्ये एका बँकेत व्याज झालं ७२ हजार, म्हणून ७,२०० गेले. दुसऱ्या सहकारी बँकेत ३८ हजार होतं, तिथे काहीच कापलं नाही. पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये कोणी पूर्ण ३० लाख ठेवले असतील तर २०२५-२६ च्या ८.२ टक्के दराने वर्षाचे २,४६,००० होतात, म्हणजे १ लाखाचं लिमिट असूनही, खाली सांगितलेला फॉर्म दिला नसेल तर, तिथे कापणारच.

आता परत मिळवायचं म्हणजे रिटर्न भरायचं, दुसरा मार्ग नाही, बँक एकदा कापलेलं परत देत नाही. इन्कम टॅक्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर आईचा पॅन टाकून लॉगिन केलं की पहिल्यांदा २६एएस आणि एआयएस हे दोन तक्ते डाउनलोड करा. २६एएसमध्ये कापलेला टीडीएस दिसतो, एआयएसमध्ये सगळ्या बँकांचं व्याज दिसतं, आपण विसरलेल्या एफडीचं पण. आणि व्याज हातात आलंच नाही असं म्हणू नका, पाच वर्षांनी मिळणाऱ्या एफडीवर सुद्धा दरवर्षी व्याज जमा धरतात आणि टीडीएसही दरवर्षी कापतात.

रिटर्नचा फॉर्म आयटीआर-१ घ्यायचा. इथे एक जागा आहे जिथे बहुतेक जण चुकतात, मी पण चुकले होते. फॅमिली पेन्शन पगारात दाखवायची नाही! ज्याची स्वतःची पेन्शन आहे त्याची पगाराखाली येते आणि नव्या रिजिममध्ये (टॅक्स मोजायच्या जुन्या-नव्या दोन पद्धतींपैकी नवी) ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे सरसकट वजावट मिळते, पण नवऱ्यामागे बायकोला मिळणारी पेन्शन 'इतर उत्पन्न' मध्ये, ड्रॉपडाउनमध्ये फॅमिली पेन्शन असं वेगळं आहे. तिथे नव्या रिजिममध्ये वजावट पेन्शनच्या एक तृतीयांश किंवा २५ हजार, जे कमी असेल ते. म्हणजे आईचे २,१६,००० मधून २५ हजार गेले, राहिले १,९१,०००, त्यात दोन्ही बँकांचं मिळून १,१०,००० व्याज, एकूण ३,०१,०००. टॅक्स रिबेटमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांना टॅक्समध्ये मिळणारी सूट) शून्य, रिफंड ७,२००. ज्या बँकेने टीडीएस कापला नाही तिचं व्याज दाखवायचं नाही असं काही नसतं हं, सगळं दाखवायचं.

सबमिट केलं म्हणजे झालं नाही, ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं, आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं. तो ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो आणि आमच्याकडे तो नंबर बाबांचा बंद पडलेला निघाला. आधार केंद्रात जाऊन आईचा नंबर बदलून घेतला तेव्हा कुठे काम पुढे सरकलं, तर हे आधी तपासा. तसंच ज्या खात्यात रिफंड हवाय ते पोर्टलवर व्हॅलिडेट करून ठेवा, पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडकतं.

पुढच्या वेळी कापूच नये म्हणून एप्रिलमध्येच 'माझा टॅक्स शून्य होतो, टीडीएस कापू नका' अशा डिक्लरेशनचा फॉर्म बँकेत द्यायचा, मार्च २०२६ पर्यंत तो ६० च्या पुढच्यांना १५एच होता, ६० च्या आतल्यांना १५जी. प्रत्येक बँकेत वेगळा आणि दरवर्षी नव्याने, मागच्या वर्षी दिला होता हे चालत नाही, आम्ही तेवढ्यावरच फसलो. बऱ्याच बँकांच्या ॲपवरून पण भरता येतो. काउंटरवर दिलात तर पोच घ्या, शिक्का मारलेली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, त्यामुळे नंबरावर अडून न बसता 'टीडीएस कापू नका'चं डिक्लरेशन द्या म्हणून मागा, बँकवाल्यांना कळतं.

मात्र हा फॉर्म वर्षाचा टॅक्स खरोखर शून्य होणार असेल तरच. २०२५-२६ साठी नव्या रिजिममध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे म्हणून बहुतेक आजी-आजोबा बसतात त्यात. पण शेअर विकून झालेल्या नफ्यावर ज्याला वेगळा दर लागतो, त्याला हा रिबेट नाही, तेव्हा शेअरबाजार खेळणाऱ्या काकांनी डोळे झाकून सही करू नये.

अजून एक, जॉइंट एफडीवर टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर जातो. बाबांच्या नावाच्या एफडी तशाच राहिल्या असतील तर टीडीएस गेलेल्या माणसाच्या पॅनवर जमा होत राहतो आणि तो सोडवायला वारस म्हणून पोर्टलवर वेगळी नोंदणी करत बसावं लागतं. दुःखात सुचत नाही कोणाला, पण नावं लवकर बदलून घ्या.

आईचा रिफंड ऑगस्टमध्ये खात्यात आला, ७,२०० नाही तर ७,३८०. वरचे १८० म्हणजे एप्रिलपासूनचं महिना अर्धा टक्का व्याज, सरकारने दिलेलं. आईने ते देवासमोर ठेवले, मी मात्र वहीत लिहून ठेवलेत, कारण ते १८० पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचे असतात.