तेलाचा तुकडा आणि आधाराचं प्रोटीन: पामिटॉइलेशनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावी, बेळगावात बीएस्सी, एमएस्सी करून बंगळूरच्या एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर लागलो. पहिल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईनं विचारलं, "काय करतोस रे तिथं?" म्हटलं, "प्रोटीनला तेलाचा तुकडा चिकटवतो."

"आणि त्याचा पगार देतात?"

उत्तर तसं चुकीचं नव्हतं. पामतेलात भरपूर असणारं पामिटिक ॲसिड, १६ कार्बनचं, प्रोटीनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला थायोएस्टर बंधानं जोडलं जातं. हेच पामिटॉइलेशन. तेल लागलं की प्रोटीन पेशीच्या पटलाला धरून बसतं, काढलं की सुटतं. काढता येतं, यातच सगळी गंमत आहे. मिरिस्टॉइलेशनमधला १४ कार्बनचा तुकडा ग्लायसीनला ॲमाइड बंधानं बसतो, तो एकदा बसला की बसला. या दोघांची परीक्षेत हमखास अदलाबदल होते. माझीही झाली होती.

जोडणी करणाऱ्या एन्झाइमांना डीएचएचसी म्हणतात. माणसात ती २३ आहेत, यीस्टमध्ये ७. पहिली दोन २००२ मध्ये यीस्टमध्येच सापडली. त्यातलं रास या पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या प्रोटीनला पामिटेट, म्हणजे तोच तेलाचा तुकडा, लावणारं एर्फ२ हे एर्फ४ नावाच्या जोडीदाराबरोबर काम करतं. हे मी एमएस्सीतच वाचलं होतं, पण एर्फ४ वर नजर थांबलीच नाही. एन्झाइम म्हटलं की सगळं लक्ष तिकडं. मदतनीसाला कोण विचारतं?

लॅबमध्ये माझ्या वाट्याला आलं डीएचएचसी९, म्हणजे एर्फ२ चं माणसातलं भावंड. अल्काइन नावाची खूण लावलेलं पामिटेट पेशींना दिलं, क्लिक रिॲक्शननं त्या खुणेला चमकणारा रंग जोडला, प्रोटीनं वेगळी करायला जेल चालवलं. कोरं. दोन आठवडे मी सीनियर ताईच्या नजरेला नजर दिली नाही. शेवटी तिनंच विचारलं, "सॅम्पल उकळलास?" उकळलं होतं की! तेही मर्कॅप्टोइथॅनॉल सढळ हातानं घालून. थायोएस्टर बंध त्यातच तुटतो. तेल लावण्यात दिवस घालवला आणि शेवटच्या दहा मिनिटांत मीच धुऊन टाकलं.

पुढच्या खेपेला तेवढं सांभाळलं, तरी पट्टी नाहीच. मग कळलं, मी पेशीत फक्त डीएचएचसी९ चाच प्लाझ्मिड (जनुक आत नेणारा डीएनएचा गोल तुकडा) घातला होता. जीसीपी१६ हे त्याचं जोडीदार प्रोटीन, म्हणजे माणसातलं एर्फ४. ते नसेल तर डीएचएचसी९ धड टिकत नाही आणि रासला पामिटेटही लागत नाही. दोन्ही प्लाझ्मिड एकत्र दिले त्या रात्री पट्टी दिसली. फिकट होती, पण होती.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. पुढचं सगळं यावरच उभं आहे. एन्झाइम आधी पामिटॉइल-कोए या पामिटेट वाहून आणणाऱ्या रेणूकडून तेलाचा तुकडा स्वतःच्या सिस्टीनवर घेतं, मग रासला देतं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये धोका आहे पाण्याचा. पाणी तो तुकडा तोडून नेतं. बेळगावचे मांडे करताना पाहिलेत ना? हातावर पसरलेला मांडा उपड्या मडक्यावर पडेपर्यंत बघणाऱ्याचा जीव टांगणीला. एर्फ४ हातावरचा मांडा फाटू देत नाही. ते नसलं की एर्फ२ वरचं पामिटेट लवकर पाण्यात जातं, शिवाय पेशी एर्फ२ चीच विल्हेवाट लावू लागते.

बाकीच्या जोड्या वाचायला ठेवा: डीएचएचसी६ आणि सेलेनोप्रोटीन के, ही आयपी३ रिसेप्टरला (पेशीतलं कॅल्शियम सोडणाऱ्या प्रोटीनला) पामिटेट लावते. एर्फ२-एर्फ४ आणि डीएचएचसी९-जीसीपी१६ यांच्या क्रायो-ईएमनं (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीनं) काढलेल्या रचना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्या बघाच. डीएचएचसी९ चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि त्यातल्या बिघाडामुळे मुलग्यांमध्ये बौद्धिक अक्षमता येते. विषय कोरडा वाटला तर तिथून सुरुवात करा.

बेंचवरचं एवढंच: ॲसिल-बायोटिन एक्स्चेंज, म्हणजे पामिटेट काढून त्याच्या जागी बायोटिनची खूण लावायची पद्धत, करणार असाल तर थायोएस्टर तोडणारं हायड्रॉक्सिलअमाइन त्याच दिवशी बनवा, पीएच सातच्या आसपास आणा, आणि ते न घातलेला एक कंट्रोल प्रत्येक वेळी ठेवा. कंट्रोल नसलेलं जेल कुणाला दाखवूच नका.

प्रवेशाचं म्हणाल तर एमएस्सी बायोटेकसाठी जीएटी-बी आणि पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट द्या. गाव सीमाभागातल्या, महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत असेल तर महाराष्ट्रातल्या प्रवेशात काही सवलत मिळते का, याची चौकशी करा. आमच्यातले निम्मे ती करतच नाहीत. लॅबला मेल करताना 'मला बायोटेकची आवड आहे' असलं काही लिहू नका. त्यांच्या पेपरातली एक आकृती घेऊन त्यावर एक प्रश्न विचारा. माझ्या सातव्या मेलला उत्तर आलं, त्यात प्रश्न होता.

इंग्रजीची भीती मलाही होती. ग्रुप मीटिंगमध्ये पहिले तीन महिने मी तोंड उघडलं नाही. पण कोऱ्या जेलपुढं इंग्रजी शाळेतला आणि मराठी शाळेतला सारखाच गप्प बसतो.

आणि आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर: फेलोशिप मिळते, पण गेल्या वर्षी चार महिने उशिरा आली. तिला सांगितलेलं नाही.