मानेत घुसलेली जखम: ओटीत (ऑपरेशन थिएटरात) कधी घ्यायचं आणि कधी थांबायचं

चाकू, काच, गोळी, मानेत काहीही घुसून पेशंट आला की जखम केवढी आहे यापेक्षा पेशंट कसा आहे हे आधी बघा, कारण इवल्याशा भोकाखाली कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मानेतली मोठी धमनी) फाटलेली असू शकते आणि लांबलचक चिरलेली मान नुसती वरवरची निघू शकते.

प्लॅटिझ्मा फाटलाय का ते तपासा. कातडीखालचा हा पातळ स्नायू शाबूत असेल तर जखम धुवून टाके घातले की झालं. फाटला असेल तर जखम खोल धरून चालायचं, पण किती खोल ते बघायला बोट किंवा प्रोब आत घालू नका प्लीज, बसलेली गुठळी सुटली तर कॅज्युअल्टीतच धार लागते. वस्तू अजून आत रुतलेली असेल तर ती ओटीतच काढायची.

आता हार्ड साइन्स, म्हणजे थेट ऑपरेशनच हवं असं सांगणारी लक्षणं. रक्त थांबतच नाही, हेमाटोमा (आत साकळलेल्या रक्ताची गाठ) डोळ्यांदेखत वाढतोय किंवा ठोके देतोय, हाताला थ्रिल (रक्तवाहिनीवरची थरथर) लागतोय, रक्त देऊनही बीपी वर येत नाही, श्वास अडकतोय, जखमेतून हवेचे बुडबुडे येतायत, खोकल्यातून किंवा उलटीतून भरपूर रक्त पडतंय. यातलं एक जरी असलं तरी सरळ ओटी, सीटीसाठी थांबायचं नाही. तोवर बोटाने नेमका दाब द्या, आंधळेपणाने क्लॅम्प लावू नका, आणि दाबाने भागत नसेल तर जखमेत फोले कॅथेटर (टोकाला फुगा असलेली लघवीची नळी) सरकवून फुगा फुगवा, याने खरंच जीव वाचतात. श्वासाची ट्यूब टाकायची तर हजर असलेल्यांतल्या सगळ्यात अनुभवी माणसाने, आणि गळ्याला समोरून छेद देऊन एअरवे (श्वासाची वाट) घ्यायची तयारी शेजारी उघडून ठेवूनच.

मग सगळ्यांचीच मान उघडून का बघत नाही? पूर्वी तेच करायचे. १९५६ साली फोगेलमन आणि स्ट्यूअर्ट यांनी दाखवलं की लगेच ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू ६ टक्के आणि उशीर झालेल्यांत ३५, तेव्हापासून प्लॅटिझ्मा फाटला की ऑपरेशन असा नियमच झाला. पण अशा कित्येक ऑपरेशनमध्ये आत काहीच सापडायचं नाही, म्हणून आता पेशंट स्थिर असेल तर सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) करून ठरवतात. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, हेमाटोमा आहे पण वाढत नाही, कातडीखाली थोडी हवा लागतेय, हे सगळे सीटीचे पेशंट. मानेचे खालचा, मधला, वरचा असे तीन झोन पाडतात, त्यांचा खरा उपयोग ऑपरेशनच्या प्लॅनिंगला होतो: क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राखालच्या कूर्चेच्या कड्याच्या) खाली असेल तर छाती उघडावी लागू शकते, जबड्याच्या कोनाच्या वर असेल तर कवटीच्या तळापर्यंत हात पोचत नाही म्हणून बऱ्याचदा एन्डोव्हॅस्क्युलर (रक्तवाहिनीच्या आतून नळी नेऊन) उपचार, मधला भाग सर्जनला सोपा.

सगळ्यात जास्त फसवते ती अन्ननलिका. सुरुवातीचे तास ती गप्प असते, पेशंट गप्पा मारतो, पाणी मागतो, आणि दुसऱ्या दिवशी ताप, मानेत सूज, छातीत पू. सीटीत जखमेचा मार्ग तिच्या जवळून जाताना दिसला किंवा आजूबाजूला हवा दिसली तर तोंडाने काही देऊ नका, कॉन्ट्रास्ट स्वॅलो (एक्स-रेत दिसणारं द्रव गिळायला देऊन तपासणी) आणि एन्डोस्कोपी दोन्ही करा, एकटी कुठलीही टेस्ट चुकू शकते. भोक सापडलं तर लगेच शिवायचं, २४ तास उलटले की शिवण टिकायची शक्यताही कमी होते.

काहीच लक्षण नाही आणि सीटीही क्लीन? तरी घरी सोडू नका, किमान २४ तास ठेवा आणि शक्यतो एकाच डॉक्टरने परत परत मान चाचपून बघा.