सेलमला निघण्याआधी

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या सेलम गावी जाणार असाल तर सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि त्यावर वीस नावं लिहा. बूट, छत्री, डबा हे सगळं नंतर. ब्रिजेट बिशप, सारा गुड, रिबेका नर्स, सुझॅना मार्टिन, एलिझाबेथ हाउ, सारा वाइल्ड्स, जॉर्ज बरोज, जॉन प्रॉक्टर, जॉर्ज जेकब्ज, मार्था कॅरियर, जॉन विलर्ड, जाइल्स कोरी, मार्था कोरी, मेरी ईस्टी, अ‍ॅलिस पार्कर, मेरी पार्कर, अ‍ॅन प्युडिएटर, मार्गरेट स्कॉट, विल्मट रेड, सॅम्युअल वॉर्डवेल. १४ बायका आणि ६ पुरुष. १६९२ साली जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चेटूक केल्याच्या आरोपावरून यांतल्या १९ जणांना फाशी दिली. विसावे, म्हणजे ऐंशीच्या घरातले जाइल्स कोरी, यांनी कोर्टात गुन्हा कबूल किंवा नाकबूल असं काहीच सांगायला नकार दिला, म्हणून त्यांना आडवं निजवून अंगावर दगडांची रास रचत मारलं. नावं हातानं लिहा आणि कागद खिशात ठेवा. स्टेशनवरून गावात शिरलात की काळ्या टोकदार टोप्या, झाडू, मांजरं आणि भविष्य सांगणारी दुकानं यांची रांगच लागते. पोलिसांच्या गाड्यांवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण आहे. त्या गर्दीत ही वीस माणसं हरवतात. कागद असला की हरवत नाहीत.

तारीख ठरवताना ऑक्टोबर टाळा. हॅलोविनच्या महिनाभर गावात लाखोंनी माणसं येतात, सकाळी दहाच्या आत गाडीतळ भरतात आणि या वीस जणांच्या स्मारकापाशी दोन मिनिटं शांत उभं राहणंही जमत नाही. मे, जून किंवा सप्टेंबरातला, आठवड्याच्या मधला एखादा दिवस उत्तम. मात्र आधी पीबॉडी एसेक्स संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे का ते बघून घ्या, कारण ते आठवड्यातले काही दिवस बंद असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये राहत असाल तर गावच्या लायब्ररीत संग्रहालयाचा पास मिळतो का ते विचारा. चार जणांचं कुटुंब असेल तर चांगलीच बचत होते.

गाडी नेऊ नका. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून कम्युटर रेलनं अर्ध्या तासात सेलम येतं आणि स्टेशनवरून गावाचा मध्य दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. शनिवार-रविवारी जाणार असाल तर सवलतीचा पास मिळतो. परतीच्या गाड्यांच्या वेळा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, एक गाडी चुकली की बराच वेळ फलाटावर बसावं लागतं. उन्हाळ्यात बॉस्टनहून बोटही जाते. तासभर लागतो, पण लहान मुलं असतील तर तीच त्यांच्या लक्षात राहते. पायांत वापरून सैल झालेले बूट हवेत, कारण फुटपाथ विटांचे आहेत आणि झाडांच्या मुळांनी जागोजागी वर उचलले गेलेत. बंदरावर जूनमध्येही गार वारा असतो, तेव्हा एक पातळ जाकीट असू द्या. डबा घरूनच न्या. मी धपाटे आणि कैरीचं लोणचं नेते. सेलम कॉमन म्हणून मोठं हिरवं मैदान आहे, तिथे झाडाखाली सतरंजी पसरून जेवण होतं.

मुलं बरोबर असतील तर आदल्या रात्री त्यांच्याशी बोला, आणि बोलताना शब्द सांभाळा. आपण मराठीत सहज म्हणून जातो की तिथे चेटकिणींना मारलं. तिथे चेटकिणी नव्हत्या. शेजारी होते, आया होत्या, एक पाद्री होता, आणि तुरुंगात साखळीला बांधलेली चार-पाच वर्षांची डोरोथी गुड होती, सारा गुडची मुलगी. माझ्या भाचीला मी ‘आरोप झालेली माणसं’ असं म्हणायला शिकवलं. ती बारा वर्षांची आहे, तिनं लगेच विचारलं, आपल्याकडे पण असं होतं का? हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा. सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर बायकांना डाकीण ठरवून मारहाण झालेली आहे, आणि ती तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यासाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाल्यानंतर. मी तिला हे सगळं सांगितलं. लहान आहे म्हणून लपवलं नाही.

थोडी पार्श्वभूमी मोठ्यांनीही वाचून घ्यावी, म्हणजे फलक वाचण्यात वेळ जात नाही. सुरुवात सॅम्युअल पॅरिस या पाद्र्याच्या घरात झाली. त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची अ‍ॅबिगेल यांना झटके यायला लागले, आणि पहिला आरोप तिघींवर आला: घरातली गुलाम टिटुबा, भीक मागून जगणारी सारा गुड आणि अंथरुणाला खिळलेली सारा ऑसबर्न. पुढे दीडशेहून जास्त माणसं पकडली गेली. एखाद्या जिवंत माणसाचं भूत रात्री येऊन मला चिमटे काढतं, असं कुणी म्हटलं की कोर्ट तो पुरावा मानत होतं. त्याला उत्तर काय देणार? त्यातही विपरीत असं की ज्यांनी गुन्हा कबूल केला ते जगले, आणि मी खोटं बोलणार नाही म्हणणारे फासावर गेले. तुरुंगातल्या खाण्याचे आणि बेड्यांचे पैसेही कैद्यांकडूनच घेत. ऑक्टोबरात गव्हर्नर विल्यम फिप्सनं ते कोर्ट मोडलं. या सगळ्यात तुरुंगातही निदान पाच जीव गेले. आणि हो, कुणालाही जाळलं नव्हतं. हा गैरसमज आपल्याकडे फार आहे.

गावात पोचल्यावर आधी स्मारकाकडे जा, सकाळी, गर्दी व्हायच्या आत. चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला लागून ते आहे, १९९२ साली, तीनशे वर्षं झाली तेव्हा उभारलेलं. मोठं काही नाही. दगडी भिंत आणि त्या भिंतीतून बाहेर आलेले ग्रॅनाइटचे वीस बाक, एकेकावर एक नाव, मरणाची तऱ्हा आणि तारीख. आत शिरताना पायाखाली बघा. आरोपींनी कोर्टात केलेल्या विनवण्या उंबऱ्याच्या दगडावर कोरल्यात आणि भिंत आली की वाक्य मधेच तुटतं. पहिल्या खेपेला मी त्यावरून तशीच चालत गेले होते. इथे आइसक्रीम खात बाकावर बसलेली माणसं दिसतील, त्यांना काही म्हणू नका, बहुतेकांना ठाऊकच नसतं. बरोबर थोडी सुटी फुलं न्या. प्लॅस्टिकचा कागद काढून न्या, वाऱ्यानं उडतो.

प्रत्येकानं आपापलं एक नाव आदल्या दिवशी निवडून ठेवायचं, असा आमच्या घरचा रिवाज झालाय. त्या माणसाबद्दल वाचून यायचं आणि त्याच्या बाकापाशी बाकीच्यांना सांगायचं. भाचीनं मेरी ईस्टी घेतली होती, जिनं आपल्याला माफ करा असं न म्हणता यापुढे निरपराधांचं रक्त सांडू नका असा अर्ज कोर्टाला लिहिला.

दफनभूमीत जाल तेव्हा दगडांना हात लावू नका, टेकू तर नकाच. ते ठिसूळ झालेत. न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न इथे पुरलाय. फाशी दिलेल्यांची मात्र इथे एकही कबर नाही.

फाशी जिथे दिली ती जागा, प्रॉक्टर्स लेज, बहुतेक लोक चुकवतात. अभ्यासकांनी ती २०१६ मध्ये नक्की केली आणि १९ जुलै २०१७ ला तिथे छोटं स्मारक झालं. गावाच्या मध्यापासून पश्चिमेला पोप स्ट्रीटवर, घरांच्या वस्तीत, औषधांच्या एका मोठ्या दुकानाच्या मागे. चालत वीस-पंचवीस मिनिटं धरा. अर्धगोल भिंतीत १९ नावं आणि मधोमध एक ओकचं झाड, बस. आसपास लोक राहतात, मोठ्यानं बोलू नका. वाटेत एसेक्स स्ट्रीटवर न्यायाधीश जोनाथन कॉर्विनचं काळं लाकडी घर लागतं. सेलममध्ये त्या खटल्यांशी थेट संबंध असलेली हीच एक इमारत उरली आहे, तेव्हा तिकीट काढायचं तर तिथे काढा. मेणाच्या बाहुल्या आणि किंकाळ्यांचे खेळ सोडून द्या. मी एकदा एका ठिकाणी पैसे देऊन गेले आणि दहा मिनिटांत भाची रडवेली झाली म्हणून बाहेर आलो.

दुपार पीबॉडी एसेक्स संग्रहालयाला द्या. १७९९ मध्ये सेलमच्या कप्तानांनी जमवलेल्या वस्तूंपासून ते वाढलं. त्यांची जहाजं मुंबईला यायची, आणि तिथले पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया त्यांचे व्यवहार बघायचे. त्यांचं चित्र या संग्रहात आहे. हुसेन आणि त्यांच्या काळातल्या चित्रकारांचाही मोठा संग्रह इथे आहे. कुठल्या वेळी काय मांडलेलं असेल ते दारातच विचारा. जॉर्ज जेकब्ज दोन काठ्या टेकत कोर्टात आले होते, त्या मांडलेल्या असतील तर थांबून बघा.

गाडी असलीच, तर एक जास्तीचा थांबा: डॅनव्हर्स. त्या काळचं सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅनव्हर्स, १७५२ साली नाव बदललं. तिथे रिबेका नर्स यांचं घर अजून उभं आहे. वर्षातले काही महिनेच उघडतं, आधी चौकशी करा.

माझ्या सासूबाईंनी रिबेका निवडली होती. रिबेका ७१ वर्षांच्या, कानांनी अधू. ज्युरीनं त्यांना आधी निर्दोष ठरवलं होतं. मग न्यायाधीशांनी त्यांच्या तोंडच्या एका वाक्याचा अर्थ पुन्हा विचारायला लावला. त्या गर्दीत त्यांना प्रश्न ऐकूच आला नाही, त्या गप्प राहिल्या, आणि ते गप्प राहणं कबुली धरलं गेलं. सासूबाई बाकापाशी हे सांगत होत्या. त्यांच्याही कानात यंत्र आहे. सांगून झाल्यावर त्यांनी ते काढलं, हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि मग पिशवीतून शेवंतीची दोन फुलं काढून दगडावर ठेवली. तेव्हापासून आमच्या यादीत त्यांच्या यंत्राच्या जास्तीच्या बॅटऱ्याही असतात.