मोठ्या खंडानंतर सोयीच्या वेळेचे काम कसे शोधावे : नागपूरकरांसाठी मार्गदर्शन

मुलांचे संगोपन, घरातील आजारपण, आई-वडिलांची शुश्रूषा, जोडीदाराची बदली किंवा स्वतःची प्रकृती अशा कारणांनी पाच, आठ, बारा वर्षे नोकरीपासून दूर राहिलेली माणसे पुन्हा कामाला लागू पाहतात, तेव्हा बहुतेक जण पहिल्याच दिवशी एखाद्या संकेतस्थळावर नाव नोंदवतात, एकच बायोडेटा सगळीकडे धाडतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. उत्तर येत नाही आणि आपल्याला आता कोणी विचारणार नाही, असा ग्रह होतो. हा ग्रह चुकीचा आहे. त्या संकेतस्थळांवरच्या बहुतेक जागा पूर्णवेळ माणसासाठी असतात. आपल्या शहरातले चार तासांचे, आठवड्यातून तीन दिवसांचे किंवा हंगामी काम जाहिरातीत फारसे येत नाही. ते लहान कार्यालयांत, दवाखान्यांत आणि पेढ्यांवर असते आणि समोर जाऊन विचारल्यावर मिळते. त्यासाठी थोडी तयारी लागते आणि ती ठरावीक क्रमाने केली तर वेळ वाया जात नाही.

१. आधी तास ठरवावेत

एका कागदावर आठवड्याचे सात दिवस आखून घ्यावेत आणि प्रत्येक दिवशी आपण खरोखर मोकळे असतो ते तास लिहावेत. मुलांच्या शाळेची वेळ, घरातील ज्येष्ठांची औषधे व जेवण, स्वयंपाकाच्या मदतनीस ताईंची वेळ हे सगळे मांडल्यावर जे उरते तेच आपले भांडवल असते. हा हिशेब उन्हाळ्यालाही टिकतो का, हे नागपुरात विशेषकरून तपासावे लागते. विदर्भातील शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मुले मे आणि जवळजवळ सगळा जून घरीच असतात. त्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी दोन वाजता दुचाकीवरून घरी परतणे रोज जमेल, असे धरून चालू नये. जानेवारीत ठरवलेले वेळापत्रक मे महिन्यात मोडते आणि कामही जाते, म्हणून सकाळी ८ ते १२ हा पर्याय आधीच मनात ठेवावा.

प्रवासाचा वेळही तासांतच धरावा. मेट्रोची नारिंगी मार्गिका खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि अॅक्वा मार्गिका लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर अशी धावते, दोन्हींची अदलाबदल सीताबर्डीला होते. घर आणि काम दोन्ही या मार्गांजवळ असतील तर कामाचा परिसर बराच वाढतो.

त्यानंतर घरात स्पष्ट बोलून घ्यावे. आपण बाहेर असताना शाळेतून येणाऱ्या मुलाला कोण घेईल, गॅसवाला आला तर दार कोण उघडेल, सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचे असेल तर सुट्टी कोण काढेल, हे आधी ठरलेले नसेल तर सगळा भार पुन्हा एकाच माणसावर येतो. मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण खंडानंतर मिळालेली कामे कौशल्य कमी पडल्यामुळे जितकी सुटतात, त्याहून अधिक घरची घडी न बसल्यामुळे सुटतात.

२. कागदपत्रे एका ठिकाणी आणावीत

जुने अनुभव प्रमाणपत्र, कार्यमुक्तीचे पत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या आणि गुणपत्रिका काढून त्यांच्या स्पष्ट प्रती मोबाइलमध्ये ठेवाव्यात. जुनी संस्था बंद पडली असेल आणि अनुभवाचे पत्र मिळणे शक्य नसेल तर फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र), नियुक्तिपत्र किंवा पगार जमा झालेल्या खात्याचे विवरण यांवरूनही नोकरीचा काळ दाखवता येतो.

भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते विसरू नये. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा निधी-सदस्याचा एकच क्रमांक, ही पद्धत २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी नोकरी सोडली असेल तर जुना सदस्य क्रमांक शोधून तो यूएएनशी जोडून घ्यावा लागतो. हे खटाटोपाचे काम वाटले तरी करावे, कारण निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची पात्र सेवा लागते आणि तेव्हा पैसे काढून घेतलेले नसतील तर पूर्वीची सेवा नव्या सेवेत मिळवता येते.

विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांची एक अडचण नेहमीची आहे : गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि पॅनवर तिसरेच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर बहुतेक ठिकाणी भागते. नाव औपचारिकपणे बदलायचे असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात त्याची नोंद प्रसिद्ध करून घेता येते. काम मिळाल्यावर पगार अडकून पडण्यापेक्षा आधार, पॅन आणि बँक खाते यांवरील नाव आताच एकसारखे करून घेणे शहाणपणाचे आहे.

३. मधल्या काळात काय बदलले ते शिकून घ्यावे

येथे पुष्कळ लोक एखाद्या महागड्या वर्गाला प्रवेश घेतात. तसे करण्यापूर्वी आपल्या क्षेत्रात नेमके काय बदलले याची यादी करावी आणि तेवढेच शिकावे. लेखा विभागातून २०१६ मध्ये बाहेर पडलेल्या माणसासाठी ही यादी अशी होते : १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) आला, २०२० मध्ये टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीची टॅलीप्राइम ही आवृत्ती आली, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर प्रामुख्याने ५ आणि १८ टक्के या दोन टप्प्यांवर आले आणि आयकराचा १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. विधी क्षेत्रातील माणसाला १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता आणि न्यायालयांतील ई-फाइलिंग समजून घ्यावे लागेल. शिक्षकांसाठी २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि ऑनलाइन शिकवण्याची साधने आहेत. मराठी टंकलेखन पूर्वी जुन्या फाँटमध्ये केले असेल तर युनिकोडची सवय करावी. ती थोड्या सरावाने बसते आणि बरीच कामे तेवढ्यानेच खुली होतात.

केंद्र सरकारच्या स्वयम् या मंचावर अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात, प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते. एक्सेल मात्र सर्वांनीच शिकावे. बेरीज-वजाबाकीपुरते सांगत नाही. माहिती गाळणे, क्रमाने लावणे आणि दोन तक्ते जुळवणे हातात असावे.

४. नागपुरात हे काम कुठे असते

हिशेब येत असेल तर इतवारी, गांधीबाग आणि सनदी लेखापालांची कार्यालये हा पहिला पत्ता. घाऊक व्यापाऱ्याला पूर्णवेळ लेखापाल परवडत नाही, पण मासिक विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येकाला ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी (कराचा एकत्रित गोषवारा) भरावे लागते. म्हणजे महिन्याच्या ५ ते २० तारखांदरम्यान काम दाटते आणि नंतर ओसरते. ज्याला अर्धाच महिना काम हवे आहे, त्याच्यासाठी ही रचना जणू बेतून शिवली आहे. सनदी लेखापालांकडे पावसाळ्यापासून आयकर विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणाचा हंगाम असतो; त्यासाठी मे-जूनमध्येच भेटून ठेवावे, कारण हंगाम सुरू झाल्यावर नव्या माणसाला शिकवायला कोणाला सवड नसते.

मराठी आणि इंग्रजी दोन्हींवर चांगली हुकमत असेल तर सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाभोवतीची वकील कार्यालये पाहावीत. खालच्या न्यायालयांतले पुष्कळसे कागद, जबाब आणि सातबाऱ्यापासून खरेदीखतापर्यंतचे दस्त मराठीत असतात, उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि मधले भाषांतर कोणाला तरी करावेच लागते. हे काम पानांवर मोजले जाते, घरी बसून करता येते, फक्त मुदत पाळावी लागते. सुरुवातीला जुन्या सार्वजनिक दस्ताचे एक पान भाषांतरित करून नमुना म्हणून दाखवावे. एका पानावर वकिलांना तुमची पारख होते.

धंतोली आणि रामदासपेठेत रुग्णालये दाटीवाटीने आहेत. तेथे विम्याचे दावे, देयके, रुग्णांच्या वेळा ठरवणे, आहारसल्ला, भौतिकोपचार अशा कामांना सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या असतात. शिकवण्या आणि शिकवणी वर्गांना संध्याकाळी माणसे लागतात. ज्यांच्या घरी संध्याकाळ मोकळी असते त्यांनीच हा मार्ग धरावा.

मिहानमधील मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत अर्धवेळ काम मिळेल अशी आशा फार धरू नये, तेथे पूर्णवेळ आणि अनेकदा पाळ्यांचे काम असते. मात्र खंडानंतर परतणाऱ्यांसाठी काही उद्योगसमूह स्वतंत्र उपक्रम चालवतात. टाटा समूहाने महिलांसाठी असा उपक्रम २००८ मध्येच सुरू केला होता. कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर अशा जागा शोधाव्यात. राज्य शासनाचे महास्वयम् आणि केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही रोजगार संकेतस्थळांवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, तेव्हा नोंदणी करून ठेवावी आणि रोजगार मेळाव्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवावे.

५. विचारणा कशी करावी

बायोडेटा एका पानाचा असावा आणि खंड लपवू नये. ‘२०१६ ते २०२५ : कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीत नव्हते’ एवढी एक ओळ पुरते. त्या काळात सोसायटीचे हिशेब सांभाळले असतील, शाळेच्या पालक समितीचे काम केले असेल किंवा घरच्या दुकानाची बिले केली असतील तर ते खरे तेवढे लिहावे. मग ओळखीच्या दहा-पंधरा माणसांना, जुन्या सहकाऱ्यांना आणि परिसरातील कार्यालयांना स्वतंत्र निरोप पाठवावा. ‘काही काम असेल तर सांगा’ हा निरोप वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, कारण त्यात त्याला करण्यासारखे काहीच नसते. त्याऐवजी असा मजकूर पाठवून पाहावा :

‘नमस्कार सर. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून पूर्वी सहा वर्षे एका औषध वितरकाकडे लेखापाल होते. घरच्या जबाबदारीमुळे २०१६ पासून नोकरीत नव्हते. यंदा टॅलीप्राइम आणि जीएसटी विवरणपत्रांची उजळणी पूर्ण केली आहे. दर महिन्याच्या ५ ते २० तारखेपर्यंत सकाळी ११ ते ३ या वेळेत आपल्याकडे येऊन खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि बँकेचा ताळमेळ करू शकेन. या आठवड्यात दहा मिनिटे भेटता येईल का?’

या निरोपात काम, वेळ आणि तयारी तिन्ही आहेत, आणि वाचणाऱ्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचे आहे. नकार आला तरी ‘तुमच्या ओळखीत कोणाला गरज आहे का?’ असे अवश्य विचारावे. व्यापारी आणि सनदी लेखापाल एकमेकांना माणसे सुचवतात. भेटीत खंडाबद्दल प्रश्न आला तर दोन वाक्यांत उत्तर देऊन लगेच कामावर बोलावे. क्षमा मागितल्यासारखा सूर लावण्याचे काहीही कारण नाही.

६. मोबदला आणि अटी

‘तुम्ही द्याल ते’ असे म्हणू नये. त्याच कामासाठी पूर्णवेळ माणसाला काय मिळते हे दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावे, त्यावरून तासाचा दर काढावा आणि तोच सांगावा. अनुभव ताजा नाही म्हणून पहिले दोन महिने थोडा कमी दर मान्य करायला हरकत नाही, पण तो कधी वाढेल हे तेव्हाच ठरवावे. चाचणी म्हणून विनामोबदला काम एखाद्या दिवसापलीकडे करू नये. तास, सुट्ट्या, मोबदल्याची तारीख आणि घरून करायचे काम हे सगळे नियुक्तिपत्रात, निदान ई-मेलवर तरी, लिहून घ्यावे. पगारी काम असेल तर दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना महाराष्ट्रात व्यवसाय कर लागत नाही, तो कापला जात नाही ना ते पाहावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. ती आहे का, हे निःसंकोच विचारावे.

स्वतंत्रपणे भाषांतर, हिशेब किंवा मांडणीचे काम घेणार असाल तर उद्यम, म्हणजे लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी, नोंदणी करावी. ती आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाची गरज नाही. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु सेवादात्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. पैसे थकले की हे बंधन फार उपयोगी पडते.

७. फसवणुकीपासून जपावे

घरबसल्या काम शोधणाऱ्यांना सर्वाधिक गाठतात ते ठग. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपची अनामत मागणारे काम घेऊ नये. टेलिग्रामवर चित्रफितींना पसंती देण्याचे काम देऊन आधी दोनशे रुपये खात्यात टाकतात आणि मग ‘मोठे टास्क’ म्हणून हजारो रुपये भरायला लावतात. डेटा एंट्रीच्या नावाखाली करारावर सही घेऊन, चुका झाल्या म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती घालून पैसे उकळण्याचा प्रकारही आहे. अशा नोटिशीला घाबरून एक रुपयाही भरू नये, आधी वकिलाला दाखवावी. कमिशन देतो म्हणून आपले बँक खाते कोणाला वापरू दिले तर पोलिसांच्या चौकशीत आपणच अडकतो. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

८. पहिले तीन महिने

रोज केलेल्या कामाची एक ओळ तारखेसह वहीत लिहीत जावी. कामाचे तास हळूहळू वाढत चालले असतील तर ते या वहीत दिसतात आणि बोलणी करताना हाताशी पुरावा राहतो. तीन महिने झाल्यावर ज्यांच्याकडे काम करता त्यांच्याकडून लेटरहेडवर अनुभवाचे पत्र मागून घ्यावे, मग ते काम आठवड्यात बारा तासांचे का असेना. बायोडेटातील खंडाच्या ओळीखाली त्या पत्राची नोंद करावी आणि दुसऱ्या ठिकाणी विचारणा करताना तेच पत्र सर्वांत वर ठेवावे.