मातीतलं रेडियम मोजताय? या चुका टाळा

एचपीजीई डिटेक्टर (गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा जर्मेनियमचा डिटेक्टर) हाती आला की नवख्याला त्याच आठवड्यात आकडा हवा असतो. रेडियम-226 च्या बाबतीत ही घाई महागात पडते.

रेडियम आपण बहुधा त्याच्या नातवंडांवरून, म्हणजे क्षयातून पुढे बनणाऱ्या अणूंच्या गॅमा किरणांवरून मोजतो: लेड-214 चं 351.9 केईव्ही (गॅमाच्या ऊर्जेचं एकक), बिस्मथ-214 चं 609.3. मधे येतो रेडॉन-222. हा वायू, वाळवताना, कुटताना निसटतो. अर्धायुष्य 3.82 दिवस. समजा पाव हिस्सा निसटला. डबा बंद करून तिसऱ्या दिवशी मोजलं तर खऱ्याच्या 85 टक्केच दिसेल. सात अर्धायुष्यं, म्हणजे 27 दिवस, थांबलं की बंद डब्यात रेडॉन पुन्हा भरून येतो आणि तूट नगण्य.

पण डबाच गळका असला तर? नेहमीचा प्रकार: आट्यांचं झाकण, वर सेलोटेप, महिनाभर कपाटात. मग 351.9 आणि 609.3 चे आकडे सुरेख जुळतात आणि अहवाल रवाना होतो. जुळणारच! दोन्ही रेडॉनच्या खालची, त्यामुळे गळतीत दोन्ही सारखीच घटतात. आट्यांना एपॉक्सी लावा, डबा काठोकाठ भरा, नाहीतर वरच्या पोकळीत रेडॉन जमतो. पहिले दहा दिवस एक दिवसाआड मोजा, मग 28 व्या दिवशी. वाढ 3.82 दिवसांच्या हिशेबाने व्हायला हवी. आधीच थबकली तर डबा गळतोय.

‘थेट रेडियमचं स्वतःचं 186.2 मोजू, थांबायची कटकट नको’ ही पळवाट तर नकोच. तिथेच युरेनियम-235 चं 185.7 बसलंय आणि अर्ध्या केईव्हीचा फरक डिटेक्टरला सुटा करता येत नाही. युरेनियम-रेडियमचा नैसर्गिक समतोल धरून वाटणी करता येते, पण फॉस्फोजिप्सममध्ये (खत कारखान्यातून निघणारा टाकाऊ जिप्सम) तो समतोलच नसतो.

प्रमाणित स्रोत त्याच डब्यात, त्याच उंचीपर्यंत भरलेला हवा. घनताही जवळची हवी, विशेषतः लेड-210 च्या 46.5 साठी. बॅकग्राउंड (नमुना नसतानाचे काउंट) मोजा रिकाम्या डब्यासह, नमुन्याइतकाच वेळ.

युरोपियम-152 चा स्रोत डिटेक्टरला चिकटवून एफिशियन्सी (सुटलेल्या गॅमांपैकी किती मोजले जातात ते) काढू नका. एकाच वेळी सुटणारे दोन गॅमा डिटेक्टर एकत्र मोजतो आणि पीकमधले (आलेखात त्या ऊर्जेवर दिसणाऱ्या शिखरातले) काउंट घटतात. कोबाल्ट-60 जवळ ठेवा, 2505 ला बेरजेचं पीक दिसेलच.

पडताळणीला पोटॅशियम क्लोराईड पुरतं: त्यातल्या पोटॅशियम-40 चे ग्रॅममागे सुमारे 16 बेकरेल (सेकंदाला तितके क्षय), 1460.8 वर. केरळच्या थोरियमयुक्त मोनाझाइट वाळूत मात्र ॲक्टिनियम-228 चं 1459.1 त्यात मिसळून पोटॅशियम फुगवतं, 911.2 वरून त्याचा वाटा काढून वजा करा.